कवळीचा पृष्ठभाग: हीट क्युअर, फ्लेक्सिबल, मेटल, मिल्ड की प्रिंटेड?

शिरपूरच्या एका तरुण डेंटिस्टने विचारलंय की काढता-घालता येणाऱ्या कवळीसाठी एवढी मटेरियल्स आलीत, त्यातल्या कोणाचा सरफेस सगळ्यात चांगला, कारण प्रत्येक कंपनीचा माणूस क्लिनिकला येतो आणि आपलाच रफनेसचा आकडा कमी दाखवून जातो. काँटॅक्ट अँगलने, म्हणजे पृष्ठभागावर पाण्याचा थेंब किती पसरतो त्याने, काही ठरतं का हेही विचारलंय. त्यांच्याकडे एक आबा आलेत, शुगर आहे, तंबाखूची सवय आहे, वरचे सगळे दात गेलेत, खाली पुढचे सहा शिल्लक आहेत, आणि मुलाने कुठूनतरी ऐकलंय की फ्लेक्सिबलवर, म्हणजे वाकणाऱ्या नायलॉनच्या कवळीवर, जंतू चिकटतच नाहीत, तेच करा म्हणून मागे लागलाय.

डॉक्टर, आधी थेट सांगते, मग कारणं. सरफेस मटेरियल निवडून आपोआप मिळत नाही, तो लॅबमध्ये तयार होतो आणि पेशंटच्या घरी खराब होतो. त्यामुळे मी कोणतंही मटेरियल तीन प्रश्नांवर तोलते. आपल्या लॅबला ते नीट जमतं का, पेशंटच्या रोजच्या घासण्यात ते किती टिकतं, आणि खरखरीत झालं तर मला ते परत नीट करता येतं का. नव्या कोऱ्या सँपलचा आकडा या तिन्हींमधलं काहीच सांगत नाही.

तो आकडा म्हणजे आरए, खरखरीतपणाचं माप, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतात. ०.२ मायक्रॉनची जी रेघ सगळे दाखवतात ती १९९७ साली बोलेन, क्विरिनेन वगैरे मंडळींनी मांडली, त्यांचं म्हणणं असं की याच्या खाली कितीही गुळगुळीत केलं तरी प्लाक (जंतूंचा चिकट थर) आणखी कमी होत नाही, आणि वर गेलं की वाढत जातो. ही रेघ तोंडातल्या कडक पृष्ठभागांसाठी आणि मुख्यतः बॅक्टेरियाच्या हिशोबाने आलीये, आपण ती कवळीला लावतो, ठीक आहे, काम भागतं. पण आरए ही सरासरी असते हे विसरू नका. बाकी सगळं काचेसारखं आणि मधे एक खोल ओरखडा, तरी आरए छान येतो. आणि कॅन्डिडाची, म्हणजे तोंडातल्या बुरशीची, पेशी साधारण ४ ते ६ मायक्रॉनची, तिला बसायला तेवढा एक ओरखडा पुरतो, ब्रशचा केस तिथे पोचत नाही. शिवाय मोजणाऱ्या मशीनच्या सुईचं टोकच २ ते ५ मायक्रॉन रेडियसचं, म्हणजे त्याहून अरुंद फट असेल तर सुई वरून निघून जाते आणि कागदावर आकडा झकास उमटतो.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी ब्रोशरमध्ये कधीच नसते. हे सगळे आकडे सपाट चकतीवर, पेपरने घासून, पॉलिश करून काढलेले असतात. म्हणजे कवळीची जी बाजू जिभेला आणि गालाला लागते तिचा तो अंदाज. आणि डेंचर स्टोमॅटायटिस, म्हणजे कवळीमुळे येणारी सूज, कुठे होतो? कवळीच्या खाली, टाळूवर, जिथे लालभडक ठसा दिसतो. त्या बाजूला लागणारा कवळीचा आतला सरफेस कोणीच पॉलिश करत नाही, करायचाही नाही, फिट जाईल. तो जसा साच्यातून निघाला तसाच तोंडात जातो. म्हणून मटेरियल्सची तुलना करायची असेल तर आतल्या बाजूची करा, बाहेरची बाजू चांगला टेक्निशियन जवळपास कुठल्याही ॲक्रिलिकची ०.२ च्या आसपास आणून देतो.

हीट क्युअर ॲक्रिलिक, म्हणजे पावडर-लिक्विड कालवून साच्यात भरायचं आणि उष्णतेने पक्कं करायचं प्लास्टिक (पीएमएमए), १९३७ च्या सुमारास आपल्या धंद्यात आलं आणि अजून हटलेलं नाही, त्याला कारण आहे. पण याचा आतला सरफेस म्हणजे स्टोनच्या (कडक प्लास्टरच्या) मॉडेलची हुबेहूब नक्कल, त्यामुळे मॉडेल पातळ कालवलेल्या प्लास्टरचं असेल, त्यावर बुडबुडे असतील, तर ते सगळं कवळीत उतरतं, बुडबुड्याच्या जागी गाठ येते. डीवॅक्सिंगला, म्हणजे साच्यातलं मेण काढताना, उकळतं पाणी स्वच्छ नसेल आणि मेणाचा थर राहिला तर सेपरेटिंग मीडियम (स्टोन आणि ॲक्रिलिक वेगळं ठेवणारा लेप) नीट धरत नाही, आणि जिथे ते धरलं नाही तिथे मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिकचं लिक्विड, स्टोनमध्ये शिरतो, स्टोन ॲक्रिलिकला चिकटून येतो, मग टेक्निशियन तो बर (मशीनचं घासायचं टोक) घेऊन खरवडतो आणि नेमका टाळूवरचा भाग खडबडीत करून ठेवतो. त्या लेपाचे, सोडियम अल्जिनेटचे, दोन पातळ हात, पहिला सुकल्यावर दुसरा, एवढी साधी गोष्ट आहे. लॅबमधून कवळी आली की आतल्या बाजूवर बोट फिरवण्याआधी कापसाचा बोळा फिरवा, जिथे तंतू अडकला तिथे टोक आहे.

आणि आपल्या खान्देशात एक वेगळा त्रास आहे, उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, लॅबला एसी नसतो, अशा वेळी पावडर-लिक्विड कालवलं की डो स्टेज (कणकेसारखी अवस्था) भराभर येते आणि निघूनही जाते, माणूस फ्लास्क (साच्याचा डबा) उघडून बसलाय तोवर ते रबरासारखं होतं, मग ते दाबून भरलं की बारीक डिटेल येत नाही, बाइट उंच होतो. दुसरं म्हणजे मोनोमर उडतो, भांडं उघडं ठेवलं की वरचा थर कोरडा पडतो आणि क्युअर झाल्यावर तिथे पांढरट दाणेदार पोरॉसिटी (बारीक छिद्रं) दिसते. उपाय सगळे हाताशी आहेत, मोनोमरची बाटली आणि कालवायचं भांडं थंड ठेवा, झाकण लावा, आकारमानाने तीनास एक हे प्रमाण मापानेच घ्या, अंदाजाने नको, आणि जमल्यास पॅकिंग सकाळी लवकर उरकून घ्या. मी ज्या लॅबकडे काम देते त्यांना उन्हाळ्यात हे मुद्दाम फोन करून सांगते.

क्युअरिंगचंही तसंच. मोनोमर १००.८ डिग्रीला उकळतो, आणि रिॲक्शनची स्वतःची उष्णता असतेच, त्यामुळे फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात टाकला की जाड भागात, खालच्या कवळीच्या जिभेकडच्या फ्लँजमध्ये (कडेच्या भागात), आत बुडबुडे धरतात. ते आत असतात तोवर दिसत नाहीत, ट्रिमिंगला वरचा थर गेला की उघडे पडतात, आणि मग तो खड्डा कितीही बफ केला तरी खड्डाच राहतो, उलट त्यात प्युमिस (पॉलिशची पूड) भरून बसतो. ७४ डिग्रीला आठ-नऊ तास, किंवा ७४ ला दोनेक तास आणि मग १०० ला एक तास, यातलं काहीही करा पण पूर्ण करा. मधेच लाइट गेली आणि बाथ थंड पडला तर वेळ पुढे धरायची, घड्याळ बघून काढायचं नाही. क्युअर अर्धवट राहिलं तर मोनोमर जास्त उरतो, सरफेस मऊ राहतो आणि तोंडात चुरचुरतो. आयएसओ स्टँडर्डमध्ये हीट क्युअरला उरलेला मोनोमर २.२ टक्क्यांपर्यंत चालतो आणि सेल्फ क्युअरला (उष्णतेशिवाय आपोआप पक्कं होणाऱ्याला) ४.५ टक्क्यांपर्यंत, यावरूनच दोघांतला फरक कळतो. विरघळून बाहेर पडण्याची मर्यादाही तशीच, हीट क्युअरला दर घन मिलिमीटरला १.६ मायक्रोग्रॅम आणि सेल्फ क्युअरला ८. म्हणून रिपेअर किंवा रिलाइन (आतून नवा थर देणं) सेल्फ क्युअरने करायचंच असेल तर प्रेशर पॉटमध्ये, कोमट पाण्यात, साधारण दोन बार दाबाखाली करा, टेबलावर उघड्यावर सेट केलेला तुकडा पोरस होतो आणि काही महिन्यांत तेवढाच पट्टा पिवळा-काळा दिसायला लागतो.

फ्लेक्सिबलबद्दल आता नीट बोलू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज त्याचे आहेत. हे नायलॉन असतं, पॉलिअमाइड, बहुतेक १२ नंबरचं. पाणी पिण्यात ते वाईट नाही, बऱ्याचदा ॲक्रिलिकपेक्षा कमीच पितं, आणि मोनोमरची ॲलर्जी असणाऱ्याला तर वरदान आहे. पण त्याचा सरफेस मऊ असतो. ॲक्रिलिकची नूप हार्डनेस (कडकपणाचं एक माप) १५ ते २० च्या घरात, म्हणजे इनॅमलच्या (दाताच्या वरच्या कडक थराच्या) तुलनेत आधीच काही नाही, नायलॉन त्याच्याही खाली. आणि बर लावला की ॲक्रिलिकचा भुगा पडतो, नायलॉन मात्र गरम होऊन ओढला जातो, कडेला बारीक तंतू निघतात. लॅबमधून येतं तेव्हा त्यांच्या खास चाकांनी आणि पेस्टने ते चकचकीत केलेलं असतं, पण तुम्ही क्लिनिकमध्ये एक सोअर स्पॉट (टोचणारी जागा) कमी केला की तो भाग परत तसा होत नाही, तुमच्याकडे ती चाकं नाहीत आणि ॲक्रिलिकच्या प्युमिसने ते जमत नाही. रफनेसच्या बहुतेक तुलनांमध्ये नायलॉन हीट क्युअरपेक्षा खरखरीत निघतं, आणि कॅन्डिडाही त्यावर कमी धरते असं म्हणायला आधार नाही. म्हणजे त्या मुलाने ऐकलंय ते चूक आहे, त्याला प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

अजून एक जागा बघा. नायलॉनचं ॲक्रिलिक दाताशी केमिकल बाँडिंग होत नाही, दाताला खालून भोक पाडून त्यात नायलॉन अडकवतात. म्हणजे प्रत्येक दाताच्या गळ्याशी एक बारीक फट राहते आणि रंग तिथूनच धरायला सुरुवात होते. तोंडात दोन-चार दात गेलेत, अंडरकट (कवळी अडकेल अशा आत गेलेल्या जागा) आहेत, तारेची क्लॅस्प (दात पकडणारा हूक) नको, मुलीचं लग्न तोंडावर आहे, अशा ठिकाणी मी फ्लेक्सिबल देते आणि समाधानाने देते. पण आबांसारखं मागे दोन्ही बाजूंना दातच नाहीत तिथे ते वाकतं, हिरडी दाबतं, आणि हाड झिजलं की रिलाइन करायला काही चिकटत नाही.

कोबाल्ट क्रोमबद्दल थोडक्यात सांगते कारण वाद फारसा नाहीच. विकर्स हार्डनेस (कडकपणाचं दुसरं माप) ३५० च्या वर, ब्रशने त्याचं काही बिघडत नाही, पाणी पीत नाही, रंग धरत नाही, क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर त्याला सांभाळतो. चहाचा गरमपणा जिभेला-टाळूला कळतो, पेशंटला ते आवडतं. दोनच गोष्टी जपा. एक, मेटल आणि ॲक्रिलिक जिथे भेटतात ती फिनिश लाइन, तिथे सँडब्लास्ट आणि प्रायमर नसेल तर वर्षभरात काळी रेघ येते आणि वासही तिथलाच असतो. दोन, कपडे धुवायचं ब्लीच. क्लोरीन त्या ऑक्साइडच्या थराला भोकं पाडतं, मग तो चमकदार सरफेस खड्ड्यांचा होतो आणि ते परत भरून येत नाही.

मिल्ड, म्हणजे तयार चकतीतून मशीनने कोरलेल्या, कवळीत मला खरा फायदा दिसतो तो आतल्या बाजूचाच. चकती कारखान्यात दाब आणि उष्णतेखाली आधीच क्युअर झालेली असते, पोरॉसिटी जवळपास नसते, उरलेला मोनोमर कमी, आणि आतला सरफेस स्टोनच्या भरवशावर नसून कटरच्या भरवशावर असतो, म्हणजे उन्हाळा, सेपरेटिंग मीडियम, अर्धवट बाथ, हे सगळे प्रश्नच संपतात. बऱ्याच अभ्यासांत तिच्यावर कॅन्डिडा कमी धरलेली दिसते ती यामुळे असावी असं माझं मत आहे. कटरच्या बारीक रेघा राहतात, त्या बाहेरून पॉलिश कराव्या लागतात, दात वेगळे चिकटवले असतील तर तो जोड तपासा, आणि पैसे अर्थातच जास्त.

प्रिंटेडची गोष्ट वेगळी आहे, दोघांना एकाच डिजिटल टोपलीत टाकू नका. प्रिंटर ५० किंवा १०० मायक्रॉनचे थर चढवत जातो, आणि टाळू वक्र, त्यामुळे उतारावर पायऱ्या पडतात. त्या पायऱ्या कुठे पडतील हे प्लेटवर कवळी कुठल्या कोनात ठेवली यावर आहे, सपोर्ट (आधाराच्या काड्या) आतल्या बाजूला दिले असतील तर तोडल्यावर गाठी राहतात. मग अल्कोहोलने धुणं, मग लाइटखाली पोस्ट-क्युअर, त्यातही हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला पूर्ण क्युअर होऊ देत नाही, चिकट पातळ पापुद्रा राहतो, म्हणून ग्लिसरीनमध्ये बुडवून किंवा नायट्रोजनमध्ये क्युअर करतात. हे सगळं नीट केलेली प्रिंटेड कवळी आणि धुऊन दहा मिनिटं डब्यात ठेवलेली प्रिंटेड कवळी, दोघींचं रेझिन एकच असलं तरी सरफेस दोन वेगळ्या मटेरियलचे वाटतात. मी ट्रायलला, तातडीच्या कवळीला आणि स्पेअर सेटला ती आनंदाने वापरते. वर्षानुवर्षं वापरायची कवळी म्हणून प्रिंटेड द्यायला माझं मन अजून पूर्ण तयार नाही.

सॉफ्ट लायनर आणि टिश्यू कंडिशनर, म्हणजे कवळीच्या आतून लावायचे मऊ थर, यांचं एक वाक्य सांगायलाच हवं, दुखतंय म्हणून आपण ते लावतो आणि पेशंट महिनोन्महिने परत येत नाही. त्यातला प्लास्टिसायझर (मऊ ठेवणारा घटक) निघून जातो, ते कडक आणि स्पंजसारखं खडबडीत होतं, आणि सगळ्यात घाण सरफेस तयार होतो तो हाच. कंडिशनर थोड्या दिवसांसाठीच असतो, तारीख देऊनच लावा.

काँटॅक्ट अँगलबद्दल तुम्ही विचारलंत. कोरड्या ॲक्रिलिकवर पाण्याचा थेंब साधारण ७० अंशांच्या आसपास बसतो, आणि थेंब जितका पसरेल तितकी लाळेची पातळ फिल्म चांगली, वरची फुल कवळी त्यावरच धरते, हे बरोबर. पण तोंडात गेल्यावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रोटीनचा थर सगळ्यांवर चढतो आणि मटेरियलमधले फरक बरेचसे पुसले जातात. ज्यांना लाळच कमी आहे, शुगरवाले, बीपी-डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेले, त्यांच्यात मात्र हा थर पातळ आणि कोरडा, कवळी धरतही नाही आणि कॅन्डिडाही जोरात. तिथे मटेरियल बदलण्यापेक्षा तोंडाचा कोरडेपणा आधी बघा. आणि कोणी पकड वाढवायला आतून सँडब्लास्ट करा म्हणालं तर ऐकू नका, पकड थोडी मिळेल, बुरशीला घर पक्कं मिळेल.

रंगाचं म्हणाल तर आपल्या जेवणाला तोड नाही, कवळीच्या दृष्टीनेही. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून शेवभाजीची तर्री, भरताचं तेल, हे रंग नेमका खड्ड्यात आणि दाताच्या फटीत पोचवतं. पेशंट जेवल्यावर नुसत्या पाण्याने चूळ भरतो, तेल तिथेच राहतं. त्यांना भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ ब्रश सांगा, तेल गेलं की निम्मा रंग जातो. तंबाखू आणि मशेरीचा प्रश्न दुहेरी आहे, रंगही आणि घासणंही. आमच्याकडे म्हाताऱ्या बाया मशेरी लावलेल्या बोटानेच कवळी घासतात, कोणी राखेने, कोणी मिठाने, आणि ज्यांना आपण शहाणं समजतो ते टूथपेस्टने. टूथपेस्टमधली पूड इनॅमलसाठी बनवलेली आहे, ॲक्रिलिकवर तिचे ओरखडे राहतात, आणि पेशंट जेवढा स्वच्छतेचा तेवढे जास्त.

बोअरच्या पाण्याचा गावोगाव त्रास आहे, रात्रभर कवळी त्यात ठेवली की पांढरा खरखरीत थर धरतो, आणि आधीचा सगळा गुळगुळीतपणा त्याखाली जातो. फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं पाणी वापरायला सांगा, गार केलेलं हे दोनदा सांगा, नाहीतर लोक गरमच ओततात, कवळी पांढरी पडते, वाकते. थर धरलाच असेल तर नुसत्या ॲक्रिलिकच्या कवळीला पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये ठेवून मऊ ब्रश. आणि रात्री कवळी काढायचीच. शुगर असलेला माणूस रात्रभर कवळी घालून झोपला तर जगातला कुठलाही सरफेस त्याचा टाळू वाचवणार नाही.

तर तुमचे आबा. वरती हीट क्युअरची फुल कवळी, बजेट असेल तर मिल्ड. खाली ते सहा दात हलत नसतील तर कोबाल्ट क्रोमची फ्रेम आणि मागच्या सॅडल (हिरडीवर बसणारे, दात धरणारे भाग) ॲक्रिलिकच्या, म्हणजे पुढे रिलाइन करता येतील. मुलाला किमतीतला फरक आधीच सांगून टाका. लॅब स्लिपवर नुसतं मटेरियलचं नाव लिहून थांबू नका, लिहा की मास्टर मॉडेल डाय स्टोनचं, सेपरेटिंगचे दोन हात, लाँग क्युअर, फ्लास्क बेंचवर गार झाल्यावरच उघडायचा, आतल्या बाजूला बर लावायचा नाही, बाहेरून एमरी पेपर झाल्यावरच ओला प्युमिस, आणि प्युमिस ताजा, कारण एकाच परातीतला जुना प्युमिस सगळ्या पेशंटांच्या कवळ्यांवर फिरत असतो. कवळी दिल्यावर सात दिवसांनी बोलवा, नंतर सहा महिन्यांनी, आणि सहा महिन्यांनी येतील तेव्हा कवळी पाण्याखाली धुऊन, पुसून, आतली बाजू उजेडात तिरपी धरून बघा, चमक गेलेले पट्टे दिसले की तिथेच विचारा कशाने घासता म्हणून.